उंबरदऱ्यानं लिहिलेलं पत्र

मार्गशीर्ष शुद्ध ५, शके १८६६

पोचले एकदाची! कंधारहून उजाडायच्या आत निघालेली गाडी उंबरदऱ्यात आली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. शेवटच्या चढणीला माणिकप्पांनी मला खाली उतरवलं. म्हणाले, बाई, बैल एक तर तुमाला वढतील न्हाईतर तुमच्या ट्रंकेला. ट्रंकेत कपडे कमी आणि पुस्तकं जास्त आहेत, असं मी सांगितलं तेव्हा त्यांनी ट्रंकेलाच हात जोडले. माणिकप्पांचं इथं दुकान आहे. दर आठवड्याला ते कंधारच्या बाजाराला जातात आणि गावाचं टपालही तेच नेतात, आणतात.

गाव बालाघाटाच्या उतारावर टेकलेलं आहे. पस्तीसेक घरं, बहुतेक लिंगायतांची. पायऱ्यापायऱ्यांची शेतं, त्यांत कमरेएवढी ज्वारी. पाटील अमृतराव वेशीवर उभे होते. खानगी मराठी शाळेची परवानगी मिळवायला त्यांनी दोन वर्षं कचेरीत खेटे घातले. त्यांनी मला त्यांच्या वाड्याजवळची सोप्याची खोली दिली आहे. त्यांची सून गौरम्मा माझ्याच वयाची असेल, अठ्ठावीस-तीसची. मी नको नको म्हणेपर्यंत तिनं माझ्या पायांवर ऊन पाणी घातलंसुद्धा. नांदेड सोडल्यापासून पहिल्यांदा रडू आलं, ते त्या पाण्यामुळे.

विमल आठवते. सात वर्षांच्या मुलीला दादा-वहिनीकडे ठेवून आले आहे. मी निघताना दादानं तोंड फिरवलं. विधवा बहीण एकटी डोंगरात जाऊन मुलं शिकवणार, हे त्याच्या गळी उतरलेलं नाही. विमलनं मात्र माझ्याकडून बोटांवर महिने मोजून कबूल करून घेतलं, की होळीला मी तिला न्यायला येईन. खोली पाहिली. दोघींना पुरेल.

मार्गशीर्ष वद्य ८

शाळा लागली. सतरा मुलगे, चार मुली. हजेरीपटावर निजामाचं फसली साल घालावं लागतं. ते लिहिताना दर वेळी माझा हात अडतो. पाट्या आल्या नाहीत, म्हणून फळ्यांवर बारीक धूळ पसरून बोटानं अक्षरं काढतो. चुकलं की फुंकर मारायची. मुलांना फुंकर इतकी आवडते, की बरोबर आलेलं अक्षरही ती उडवून टाकतात.

दुपारी बायांचा वर्ग घेते. भाकरी उरकली, की सात-आठ जणी येतात. सिद्धम्मा सगळ्यांत म्हातारी, साठीच्या पुढची. तिला विचारलं, आजी, तुम्हाला आता कशाला अक्षर? तर म्हणाली, शिवाच्या दारात नाव इचारलं तर काय अंगठा दावू? सगळ्या हसल्या. गौरम्मा हसली नाही. ती खाली मान घालून माझा कित्ता गिरवत होती. मी वर एक ओळ लिहून देते, ती खाली दहा लिहिते. तिच्या दहाव्या ओळीत आणि माझ्या ओळीत फार फरक राहत नाही.

पौष शुद्ध ११

आजचा दिवस लिहून ठेवायलाच हवा. गौरम्मानं आईला पत्र लिहिलं.

तिचं माहेर निलंग्याकडे आहे. लग्नाला तेरा वर्षं झाली, मूल नाही. आजवर आईला काही कळवायचं तर माणिकप्पांना सांगून लिहवून घ्यावं लागे. ती म्हणाली, बाई, आईला जे सांगायचं ते माणिकप्पा मामांना कसं सांगू? म्हणून दर साली त्येच. मी खुशाल हाय, पाऊस बरा हाय. तेरा वर्षं पाऊसच कळवला बगा.

आज तिनं दोन पानं लिहिली. मला दाखवली नाहीत आणि मी मागितली नाहीत. पत्र चिकटवून ते छातीशी धरून ती बराच वेळ बसली. मग शेतातून हुरडा आणून माझ्या पदरात ओतला.

वहीत तिचं नाव लिहिलेलं होतं ते पाहून मी क्षणभर गोंधळले. ते मी लिहिलं होतं की तिनं, मला सांगता येईना. मला हे अक्षर दादानं दिलं. मी सहा वर्षांची असताना तो माझं बोट धरून गिरवून घ्यायचा. आता ते इथवर आलं. हे त्याला कळवलं तर त्याचा राग जरा उतरेल का?

माघ शुद्ध ७

दादाचं पत्र आलं. लोक बोलतात, असं त्यानं तीनदा लिहिलं आहे. होळीपर्यंत परत ये, नाहीतर मी स्वतः येऊन घेऊन जाईन आणि मग पुन्हा उंबरठा ओलांडू देणार नाही. खाली विमलनं एक ओळ लिहिली आहे. आई कधी येतेस. ‘येतेस’च्या पुढे प्रश्नचिन्ह नाही, पण तिनं पेन्सिल इतकी दाबली आहे, की कागद फाटला आहे.

मी ठरवलं. फाल्गुन लागला की जायचं, विमलला घ्यायचं आणि पंधरा दिवसांत परत यायचं.

अमृतरावांना हे सांगितलं. त्यांनी भिंतीवरच्या खुंटीकडे पाहिलं. मग म्हणाले, तुमच्याआधी दोन मास्तर येऊन गेले बाई. दोघं बी पंधरा दिवसांचं सांगून गेले. येकाची छत्री आजून आमच्या खुंटीला हाय. मी म्हणाले, मी छत्री घेऊन जाईन आणि मुलगी घेऊन येईन. ते हसले नाहीत.

गौरम्मानं इतकंच विचारलं, तुमचे भाऊ येऊ देतील? मला खोटं बोलता आलं नाही.

माघ वद्य ३

दादाला उत्तर दिलं: मी स्वतः येते, तू येऊ नकोस. पत्र गौरम्माकडे दिलं. माणिकप्पा उद्या बाजाराला जाणार आहेत. बायांचा वर्ग आज मुका होता. माझं बोलणं थांबलं की त्या एकमेकींकडे बघायच्या. वाटलं, वाईट वाटतं आहे त्यांना. मलाही वाटतं आहे.

फाल्गुन शुद्ध १

सकाळी फळ्यापाशी उभी असताना एकाएकी अंगाची आग झाली. चुलीत हात जावा तशी, पण सगळ्या अंगाला. पाणी ओतून घेतलं. थोड्या वेळानं आग विझली, अंगावर डाग नाही, ताप नाही. दुपारपासून डोकं जड आहे. जड म्हणणंही बरोबर नाही. केस विंचरले तेव्हा फणी फिरताना ऐकू येत होती, पण डोक्याला लागत नव्हती. दुसऱ्या कुणाचं डोकं विंचरावं तसं. हिवतापाची सुरुवात असेल. उद्या निघायचं होतं, ते पुढे ढकललं.

फाल्गुन शुद्ध २

मुलं पाढे म्हणत होती आणि आवाज विहिरीतून आल्यासारखा येत होता. फळ्यावरचं अंधुक दिसतं. गौरम्मानं ऊन भात आणि वर तूप वाढलं. मला वासच आला नाही. तिला सांगितलं तर तिनं माझ्याकडे न बघता ताट उचललं. पलीकडे अमृतरावांशी ती काहीतरी हळू बोलत होती. मला ऐकू आलं नाही.

फाल्गुन शुद्ध ३

हातातून खडू गळला. उचलला, पुन्हा गळला. मुलं हसली, मग हसायची थांबली. हात दिसतात, हलतातही, पण माझे वाटत नाहीत. हे मी पेन्सिल बोटांना दोऱ्यानं बांधून लिहिते आहे.

सिद्धम्मा काढा घेऊन आली. म्हणाली, ताप न्हाई, थंडी न्हाई, ह्यो कसला आजार? नांदेडाच्या माणसांचा येगळा असतो का काय? मला हसवायला म्हणाली असावी. पण जाताना दारात थांबून रडली.

फाल्गुन शुद्ध ४

दोन दिवस पोटात काही नाही आणि काही वाटतही नाही. बेंबीवर हात ठेवला. तिथं पोकळ आहे. कुणीतरी मला भागाभागानं उचलून दुसरीकडे ठेवतं आहे असं वाटतं. हे कुठंतरी ऐकलं आहे. आठवत नाही.

फाल्गुन शुद्ध ५

पाय गेले.

सकाळी उठायला गेले आणि पडले. गौरम्मानं आवाज ऐकला, धावत आली, मला उचलून बसवलं आणि माझ्या पायांना हात लावून मोठ्यानं रडू लागली. मग तिनं चोळीतून एक पत्र काढून माझ्यापुढे ठेवलं. माणिकप्पांनी ते काल कंधारहून आणलं होतं. दादाचं. अमृतरावांच्या नावे. मला अक्षरं पुसट दिसत होती, म्हणून तिनंच वाचून दाखवलं. मी शिकवलेल्या लयीत, प्रत्येक शब्दापाशी थांबून.

दादानं लिहिलं होतं: सौदामिनी पटकीनं वारल्याचं आपलं पत्र पावलं. दहन तिकडेच केलंत हे बरं झालं. अस्थी पाठवण्याची तसदी घेऊ नये. देह मिळाला नाही म्हणून पळसाच्या पानांचा पुतळा करून प्रतिपदेस त्याला अग्नी देत आहोत. त्याच दिवसापासून गोदेच्या घाटावर क्रिया, दशमीस दहावा. मुलीला सांगितलं आहे. आपल्यापैकी कुणी येण्याची गरज नाही.

आणि खाली त्याचीच एक ओळ: आपल्या पत्राचं अक्षर ओळखीचं वाटलं. पण आता ते ओळखून काय करायचं.

माझं पत्र टपालात पडलंच नव्हतं. त्याच्या जागी गौरम्मानं लिहिलेलं गेलं. सही अमृतरावांची. माणिकप्पांना ठाऊक होतं. सिद्धम्माला ठाऊक होतं. सगळ्या गावाला. सगळ्या गावानं मिळून लिहिलेलं पहिलं पत्र माझ्या मरणाचं होतं.

अमृतराव दारात आले. आत आले नाहीत. म्हणाले, आमी तुमाला मारलं न्हाई बाई. निस्तं कागदावर लिवलं. भाऊ न्यायला येऊ नये म्हणून. तुमी निघाया लागला की सांगणारच व्हतो. पुढं पोरीला आणायचं बी काय तरी केलं असतं.

मी गौरम्माला सांगितलं, आमच्यात मेलेल्या माणसाला दहा दिवस दहा पिंड देतात. रोजच्या पिंडानं त्याचा नवा देह घडतो. पहिल्या दिवशी डोकं. दुसऱ्या दिवशी डोळे, कान, नाक. तिसऱ्या दिवशी हात. यजमान गेले तेव्हा भटजींनी मला हे सगळं ऐकवलं होतं. चौथा दिवस पोटाचा, पाचवा पायांचा. दहाव्याला त्या देहाला भूक लागते, आणि पिंड तोंडी लागला की तो इथून सुटतो. दादा तिकडे मला घडवतो आहे. घडवायला लागतं ते इथून जातं आहे.

ती म्हणाली, आमच्यात पिंड न्हाईत बाई. माणूस गेलं की मातीत बसवत्यात, शिवाला मिळालं, झालं. मला काय ठाव तुमच्यात असं करत्यात? कुणी सांगितलंच न्हाई.

खरंच, मी सांगितलं नाही. बाराखडी सांगितली.

मरणाची थाप मारली तिनं, आणि ती खरी करतो आहे माझा भाऊ. अक्षर ओळखूनसुद्धा.

फाल्गुन शुद्ध ६

गाडीत आहे. माणिकप्पा हाकतात, गौरम्मा शेजारी. दहाव्याच्या आत पोचून दादासमोर उभं राहायचं, म्हणजे बसायचं. जिवंत माणसापुढे कुणी पिंड ठेवणार नाही. विमलला कुशीत घेतलं की हे सगळं थांबेल.

वाटेत पळस फुलला आहे. मी डोळे मिटून घेतले.

छातीत, बरगड्यांच्या आत, काहीतरी सुटं झाल्यासारखं वाटतं. सहावा असेल.

फाल्गुन शुद्ध ७

कंधारच्या नाक्यावर कारकुनानं विचारलं, किती माणसं? माणिकप्पा म्हणाले, तीन. कारकून गाडीत डोकावला आणि म्हणाला, शुद्धीत हाय का शेठ? दोनच तर हायेत.

माणिकप्पांनी वळून पाहिलं. त्यांची नजर मला शोधत होती. गौरम्मानं माझा पदर मुठीत धरला, तेव्हा त्यांना दिसले.

त्यांनी हात जोडले. ट्रंकेला जोडले होते तसे नाही.

फाल्गुन शुद्ध ८

कंधारहून धरलेल्या मोटारीत एका माणसानं त्याचं गाठोडं माझ्या मांडीवर ठेवलं. काढलं नाही. मी ओरडले.

केस हातात येतात. एक दात पडला, दुखलं नाही.

गौरम्मा पदर सोडत नाही. सारखं विचारते, बाई, हायसा न्हवं? आधी मी बोलले की तिला कळायचं. आता पदराला हिसका द्यावा लागतो.

हिच्यावर रागवायचं तर ते ऐकायलाही हिच्याशिवाय कुणी नाही—

फाल्गुन शुद्ध ९

नांदेड. आमची गल्ली. आमचं दार.

माणिकप्पांनी मला ओसरीवर ठेवलं. आता माझं ओझं होत नाही. गौरम्मानं कडी वाजवली. दादा बाहेर आला, नऊ दिवसांची दाढी, उघडं अंग. गौरम्मा त्याच्या पाया पडली. पत्र मीच लिवलं म्हणाली, खोटं लिवलं. बाई जित्या हायेत, ह्या काय, हितं बसल्यात, बघा की!

दादानं पाहिलं.

त्याची नजर माझ्यावर थांबली. मी खात्रीनं सांगते, थांबली. लहानपणी माझं अक्षर चुकलं की बघायचा तसं त्यानं बघितलं. मग भिंतीकडे तोंड करून म्हणाला, इथं कुणी नाही.

त्याला दिसत नाही, की—

गौरम्मा म्हणाली, असं कसं वो, सख्खी भैन—

विमल वहिनीच्या मागून पुढे आली. तिला मी दिसले. तोंडभर हसली ती. आई, म्हणाली. वहिनीनं तिच्या डोळ्यांवर हात ठेवला आणि आत ओढलं. दार लागलं.

विमलला दिसते मी. अजून आहे मी.

अंगात बळ नाही. उद्याचा दिवस आहे. घाटावर जायचं.

फाल्गुन शुद्ध १०

घाटाची पायरी. सकाळ. गौरम्मा शेजारी बसली आहे, पण पदर तिच्या मुठीत रिकामा वाटतो तिला. हाका मारते. उलट्या बाजूला तोंड करून मारते.

भूक लागली.

दहा दिवस नव्हती. आता—

भात शिजल्याचा वास. पहिला वास इतक्या दिवसांत. दादानं गोळा वळला, दर्भावर ठेवला, वर तीळ. सगळे मागे सरले. कावळे बसले आहेत झाडावर. एकही उतरत नाही.

उतरणार नाहीत. माझी इच्छा राहिली आहे. कावळा पिंडाला शिवेपर्यंत मी—

दादा हात जोडून म्हणाला, विमलला पोटच्या मुलीसारखी सांभाळीन. कावळा नाही आला. म्हणाला, तिला शाळेत घालीन. नाही आला. भटजी म्हणाले, जीव मुलीत अडकलेला दिसतो, तिलाच आणा, तिनं सांगू दे.

नको. तिला आणू नका.

दहा पावलांवर आहे तो भात. मी पायरी धरून ठेवली आहे. हात नाहीत तरी धरली आहे. त्याला शिवायचं नाही. दुपार टळली की दर्भाचा कावळा करतील, करू देत, पण मी शिवले नाही तर— मी खाल्लं नाही तर—

किती भूक. अशी कधीच नव्हती. गोदा सगळी प्यायले तरी—

वहिनी विमलला घेऊन आली. परकर नवा. माझ्याकडे बघते आहे. कुणाचं लक्ष नाही. बाळ, तिथंच उभी राहा.

तिला कळलं मला भूक लागली आहे. तिला नेहमी कळतं.

नको विमल. तो उचलू नको. दादा, तिला धर, एकदा माझ्याकडे बघ आणि तिला धर—

गोळा तिच्या दोन्ही हातांत. येते आहे. सांडू नये म्हणून हळू हळू पायऱ्या— आई खा म्हणते— माझी गुणी— नको— ऊन ऊन भात, तिचा हात माझ्या तोंडाशी, मी तोंड मिटून— एकच शीत ओठाला—